हाडाच्या फर्म्यावरचा तारा

वडसा, २ फेब्रुवारी २००३

माय,

दोन राती झाल्या, माह्या डोळ्याले डोळा नाई. तू घाबरू नोको. तुले वाटन दिव्याची छाती पुन्हा भरली. नाई माय. छाती मोकळी झाली, म्हनून झोप नाई.

सासरी तिची छाती शिट्टीवानी वाजे. ते वाजनं आयकत आयकतच माहा डोळा लागे. वाजून राह्यली म्हंजे पोरगी श्वास घेऊन राह्यली. इथी आल्यावर वाजनं हळूहळू कमी झालं अन् परवापासून बंदच. आता ती झोपली का काईच आयकू येत नाई. मंग उठाचं, नाकाखाली बोट धराचं, गरम हवा लागली का पुन्हा पडाचं. पुन्हा उठाचं.

डॉक्टरनं सांगतलं होतं, घरातली तंबाखूची धूळ पोरीच्या छातीत जाते, तिले त्यातून दूर ठेवा. सासरचं घर तू पाह्यलं आहे. सासू बीडी वळते, नणंद वळते, मी बी वळो. पाळण्याखालीच तंबाखूचं सूप. सासूले डॉक्टरचं म्हननं सांगतलं तर म्हने, "आमचे लेकरं काय चंद्रावर वाढले काय?" मंग मी पोरीले घेऊन निघाली. भांडून नाई निघाली, कोनी तसं सांगतलं असन तर खोटं आहे. दिव्याच्या बाबाइनंच मले वडशाले खोली पाहून देली, बाबूभाई टेलरच्या दुकानामांगं. अन् ते मिरची तोडाले आंध्रात गेले. होळीनंतर येइन म्हनले.

हे सांगाले मी दादाले खानीजवळच्या चायवाल्याकडे फोन केला होता. माहा आवाज आयकला अन् त्यानं ठेवून देला. त्यानं पाहून देलेल्या घरातून निघाली, म्हनून त्याले राग आहे. मांगचं पत्र तुले कोनी वाचून दाखोलं का दादानं सुटीवर येऊन चुलीत टाकलं, ते बी मले मालूम नाई. तुले वाचता येत नाई, अन् मले चौथीपोवतरचंच येते. तेवढ्यावर भागवून राह्यली.

आता चांगली गोष्ट आयक. बाबूभाईची बायको आहे सलीमा. मी तिले चाची म्हनाले लागली. ती गोधड्या शिवते. आपन जुनं लुगडं अंथरून धावदोरा घालतो तशा नाई, लग्नात द्याच्या. वडशात थंडीचे दिवस म्हंजे नाटकाचे दिवस. बाबूभाई नाटकवाल्यांचे कपडे शिवते, दुकानात कतरनीचा ढीग पडला राह्यते. पन त्यातलं चमकनारं कापड चाची घेत नाई. "स्टेजवर चमकते, अंगाले टोचते," म्हनते. सुती कतरन तेवढी येचून काढते अन् तिचा तारा करते. आठ तुकडे, आठ टोकं. सगळे टोकं मधात एका जागी येऊन भेटते, मोहरीएवढ्या जागेत. मले पह्यल्यांदा वाटलं, हे कोनं तरी कापडावर रंगवलं असन. उलटं करून पाह्यलं तवा मांगं शिवन दिसली. मंग तर हात लावाचंच भेव वाटलं.

चाचीच्या बोटाचे सांधे सुजले आहे. सुई धरली का पडून जाते. आरमोरीच्या एका घरचं होळीनंतर लग्न आहे, त्याइनं ताऱ्याची गोधडी सांगून ठेवली. चाची मले म्हने, "तू बीडी वळनारी, तुहे बोटं हलके आहे. तारा जमला तुले, तर माह्याजवळ बस. गोधड्याचं काम बी तुहं, खोली बी तुही. नाई जमला तर बेटा, मले दुसरी कोनी पाहा लागन."

अन् मी कुठी जाइन? पुन्हा तंबाखूतच जाइन, पोरीले घेऊन. म्हनून माय, हा तारा मले जमलाच पाह्यजे.

खान्यापिन्याची फिकर करू नोको. सगळं बरोबर आहे.

तुही सुकरी


वडसा, ९ फेब्रुवारी, रविवार

माय,

पह्यला तारा केला अन् त्याची टोपी झाली.

कसं झालं ते सांगून राह्यली, तू हासशीन. चाचीनं मले एक फर्मा देला, शंकरपाळ्यासारखा लांबट, अन् कापड देलं. "आठ काप," म्हने. आता फर्मा ठेवून कैची चालवनं मले कोनी शिकवा लागते काय? दात पडाच्या आधीपासून तेच करून राह्यली ना मी. पत्र्याचा फर्मा बीडीच्या पानावर ठेवाचा, जाडी शीर टाळाची, भोक टाळाचं, अन् जसा बसन तसा फिरवाचा. एका पानातून जास्तीत जास्त निघाले पाह्यजे. पान वाया गेलं का ठेकेदार चारचौघीत कसा बोले, तुले मालूमच आहे.

मी कापडावर बी तसाच फर्मा फिरवला. एक तुकडा उभा, एक आडवा, दोन तिरपे. फाटकी जागा टाळली, डाग टाळला. उरली फक्त बोटाएवढी चिंधी. मोठ्या तोऱ्यात चाचीले दाखोली, पाहा, काईच वाया नाई घालवलं.

चाची चिंधीकडे पाहून हासली. "शिव," म्हने.

शिवला. तर मधात फुगला. इकडून दाबला का तिकडून उठे, तिकडून दाबला का इकडून. इस्त्री फिरवली तर आनखीच वर आला. बाबूभाईनं मशीनवरून उठून तो तारा उचलला अन् आपल्या डोक्यावर बसवला. आरशात पाह्यलं. "बुधवारी ईद आहे," म्हने, "मले यंदा टोपी घ्याचं काम नाई."

"उतारो जी," चाची म्हने, "पोरगी रडन."

"मी कुठी रडून राह्यली?" म्हटलं, अन् तिथीच रडली. मले वाटलं, आता बोचकं बांधाचं. बीडीच्या कारखान्यात असंच राह्यते ना, कच्ची निघाली का मोडून पुढ्यात फेकते अन् दुसऱ्या दिवशी पानच देत नाई.

चाचीनं मले जवळ बसवलं. एक चौकोनी तुकडा हातात देला. "सुताच्या अंगानं ओढ." ओढला, नाई ताणला. "आता कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढ." ओढला तर कनकेसारखा लांबला, अन् सोडल्यावर परत पह्यल्यासारखा झालाच नाई.

"पान असं ओढलं तर काय होते?" चाचीनं इचारलं.

"फाटते."

"ताणत नाई ना? म्हनून तुले कधी पाहा नाई लागलं. तू कापडाले पान समजून कापलं, बेटा. ह्या तुकड्याची ही कड ताणते, त्याची ती कड ताणते. आठहीजन आपापल्या मनानं लांबले. मंग मधात कुठी जातील? वर जातील."

मी म्हटलं, "चाची, मी कापून राह्यली होती तवाच तुमाले दिसलं असन ना? तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू मान हालवली असती, अन् दुसऱ्या ताऱ्यात पुन्हा तेच केलं असतं. हाताची आदत आहे ती. तोंडानं सांगून नाई जात."

माय, इतक्या वर्षांत मले कोनी चूक करू देली नाई. चुकाच्या आधीच टपली बसे. अन् ही बाई चूक पुरी होऊ देते, अन् मंग हात नाई उगारत. तिनं तो पुरा तारा उसवला. ब्लेडनं नाई, सुईच्या मागच्या टोकानं, एकेक टाका, त्या सुजलेल्या बोटानं. मी म्हटलं, राहू द्या, चिंध्याच आहे. तर म्हने, "तुह्या हाताचा पह्यला आहे. फाडत नसते."

मंग तुकडे बाजूले ठेवले अन् म्हने, "चल, फिरसे काट."

दिव्या आता कतरनीच्या ढिगात बसते. बाबूभाईनं तिच्यासाठी सुताच्या रिकाम्या रिळांची माळ केली, ती वाजवत राह्यते. छाती चांगली आहे.

तुही सुकरी


वडसा, १८ फेब्रुवारी

माय,

तारा बसला! पाटासारखा सपाट बसला!

आता तुले चाचीच्या अवजारांचं सांगतो, नाई तर तुले पटनार नाई. तिचा पेटारा उघडला तर दुसऱ्याले कचराच दिसन. पह्यले तो फर्मा. तो पुठ्ठ्याचा नाई, चाचीच्या पायाच्या फोटोचा आहे. मांगं ती घसरली होती, नडगी मोडली, तवा दवाखान्यात एक्स-रे काढला. पाय जुळला, मंग तिनं तो फोटो गरम पान्यात सोडा टाकून घासला. काळं निघून गेलं, आरपार दिसाले लागलं. पन पुरं नाई निघालं. फर्म्याच्या एका कोपऱ्यात अजून हाड दिसते, पांढुरकं. बाबूभाई म्हनते, "दुनियेत बायका नवऱ्याचं हाड मोडते, हिनं आपलंच मोडून धंद्याले लावलं."

"तुमचं मोडलं असतं तर फर्मा वाकडा निघाला असता," चाची म्हने.

आरपार दिसते म्हनून फायदा काय, तर खालचं सूत दिसते. फर्म्यावर तिनं सुईनं एक रेघ कोरली आहे. ती रेघ कापडाच्या सुतावर ठेवाची, मंगच कापाचं. सूत हललं का फर्मा हलवाचा. कतरन वाया गेली तर जाऊ द्याची. पह्यले दोन दिवस माहा जीव तुटे. हात आपोआप फर्मा फिरवून कतरन वाचवाले जाये, चाची वरून नुसती "हूं" म्हने, अन् मी हात मांगं घेओ.

मंग भाताची पेज. आपन पेज पितो, इथी कापड बी पेज पिते. पातळ पेज गाळून त्यात कापड बुडवाचं, सावलीत वाळवाचं अन् ओलसर आहे तवाच इस्त्री माराची. कापड कडक होते, कापताना पळत नाई, ताणत बी नाई.

पन खरी गोष्ट पुढंच आहे. फर्मा सुतावर ठेवला तरी तुकड्याच्या दोन कडा सुताच्या अंगानं येते, अन् दोन तिरप्याच येते. त्याले इलाज नाई, आकारच तसा आहे. म्हंजे दोन कडा ताठ अन् दोन नरम. चाची ताठ कडीवर साबनाच्या कपरीनं बारीक निशानी करते. जोडताना नरम कडीले ताठ कड लावाची. नरम-नरम जोडले तर दोघी बी लांबते. ताठाशी जोडली का नरम कड बिचारी जाग्यावर राह्यते. एवढंच! आठ तुकडे गोल गोल, नरमले ताठ, नरमले ताठ. हे तिले कोनं शिकवलं म्हनून इचारलं, तर म्हने कोनीच नाई, गोधड्या फुगून फुगून समजलं. किती गोधड्या फुगवल्या असन तिनं, अन् मी एका टोपीवर रडली.

टोकं एका जागी आनाचंही तिचं तंत्र आहे. फर्म्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात तापलेल्या सुईनं भोक पाडलं आहे. त्या भोकातून पेन्सिलीचा टिपका द्याचा. टिपक्यापासून शिवाचं अन् टिपक्यावर थांबाचं. कडेपोवतर टाका न्याचाच नाई. हे मले बहुत अवघड गेलं. बीडीचा दोरा आपन शेवटपोवतर गुंडाळतो ना, हात थांबतच नव्हता. अन् दोन टोकांच्या मधात जी खाच राह्यते, तिच्यात चौकोन बसवाचा असते. तिथी टाका टिपक्याच्या एक सूत पुढं गेला का कोपरा चुरगळलाच समज. तीनदा उसवला. चौथ्यांदा चाची बाहेर कोनाशी तरी बोलून राह्यली होती. मी टिपक्यावर थांबली, गाठ मारली, कापड फिरवलं अन् दुसऱ्या अंगानं निघाली. चौकोन खाचेत बसला. जसं कवाड चौकटीत बसते तसा.

बाबूभाईले पटे ना. त्यानं तारा टेबलावर अंथरला अन् बरोबर मधात काठोकाठ भरलेला चायचा कप ठेवला. चाची ओरडली, "अहो, डाग पडन! आरमोरीवाल्याइचा माल आहे!" पन कप नाई हालला, माय. थेंब नाई सांडला. बाबूभाईनं कप उचलून माह्या हातात देला. "ले, पी. तुहा आहे."

चाचीनं तारा उचलून उजेडात धरला. पालथा केला, मांगचे टाके पाह्यले. मले वाटलं, काई तरी चूक काढन. बहुत वेळ पाहून म्हने, "मधातलं माह्याहून बारीक आलं." बस, एवढंच. अन् पेटारा माह्याकडे सरकवला.

मी तिच्याकडे पाहून राह्यली होती. अशी बाई मी पाह्यली नाई. दुसऱ्याचं बारीक आलं, हे खुशीनं सांगते.

आता एक सांगाचं राह्यलं, ते सांगत नव्हती, तुले फिकर होइन म्हनून. मधात एक दिवस सासूनं निरोप पाठवला होता, का हात कमी पडते, सूनबाईनं आता घरी यावं. मी काई उत्तर देलं नाई. देऊ काय? दादाले इचारशीन काय?

तुही सुकरी


वडसा, २५ फेब्रुवारी

माय,

सासरा आला होता. देवाजी मामाजी, खुद्द. काल सकाळी दुकानात येऊन बाकावर बसले, खोकत. चाचीनं पानी देलं, चाय देला. त्याइनं घेतला. दिव्याले मांडीवर घेतलं, तिच्या छातीले कान लावला. बहुत वेळ कान लावून बसले.

मंग म्हने, "वाजत नाई आता."

"नाई वाजत, मामाजी."

"मंग चांगली झाली ना? तर चाल घरी. तुह्या सासूच्यानं एकटीनं होत नाई. ठेकेदार पानं दुसऱ्या घरी देऊन राह्यला."

मी म्हटलं, "ती इथी आहे म्हनून चांगली झाली."

चाचीनं मधात तोंड घातलं. "भाऊ, तुमी सोता किती खोकून राह्यले. लेकराले पुन्हा त्याच धुळीत नेता काय?"

"आमचं खोकनं आमी जन्मापासून खोकतो, बाई," मामाजी म्हने. रागानं नाई म्हनले, थकून म्हनले.

मी त्याइले तारे दाखोले. सगळे झाले आहे, माय, आता नुसते एकमेकाले जोडाचे अन् मांगं अस्तर लावाचं. मामाजीनं तळहात फिरवला मधातल्या टोकावर. खरबरीत हात, धागा अटकला त्यात. "हे तू केलं?" म्हने. दोनदा इचारलं. मले वाटलं, बस, आता मानलं.

पन ते उठले अन् म्हनले, "मी वाईट मानूस नाई, सुकरी. पन तुह्या भावानं हात जोडून पोरगी देली होती. माही बहीन तुमच्या घरचं काम सांभाळन, हा हरिदासचा शब्द होता. मी तुह्या शब्दावर अन् ह्या बाईच्या शब्दावर नाई जात. हरिदास सोता म्हनन का राहू द्या, तर मी पाय नाई टाकत इकडे. नाई म्हनन, तर मार्कंड्याची जत्रा करून परत येतो, तवा तयार राह्यजा."

शिवरात्र शनिवारी आहे. जत्रा करून ते सोमवारी येइन.

दिव्याचे बाबा कोन्या गावात मिरची तोडून राह्यले, मले पत्ता नाई. मी काल दादाले पुन्हा फोन केला. "दादा" म्हटलं अन् त्यानं ठेवला. चाचीनं केला तर म्हने, कोन चाची, मी ओळखत नाई. बाबूभाई म्हने, मी सोमवारी दारात उभा राह्यतो. पन तसं नाई पाह्यजे मले. उद्या सासरी बी जाऊ शकाले पाह्यजे, सनावाराले, तोंड घेऊन.

म्हनून हे पत्र टपालात नाई टाकलं. चिमूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली, तो फाट्यावर आपल्या गावच्या कोनाच्या तरी हाती देइन म्हने. माय, तुह्यासाठी जेवढं होतं तेवढं झालं. पुढचं तुह्यासाठी नाई. जे कोनी हे पत्र मायले वाचून दाखवून राह्यले, त्याइच्यासाठी आहे.

भाऊ, का बाई, जे कोनी असान. माह्या मायच्या दाराच्या चौकटीवर, उजव्या अंगानं, डांबरानं एक नंबर लिहून आहे. तो दादाच्या कोळसा खानीजवळच्या चायवाल्याचा आहे. दादा दुपारच्या सुटीत तिथी येते. गावातून लागत नसन तर चिमूरच्या एसटीडीवरून लावा, मायले संगं घेऊन जा. हरिदासले बोलवा म्हना. माहं नाव पह्यले सांगू नोका, ठेवून देइन. मायले बोलू द्या, जेवला काय इचारू द्या. मंग तिच्या हातून घ्या अन् हळू सांगा, का सुकरी भांडून नाई निघाली. तिले हाताचं काम भेटलं, चांगल्या घरी भेटलं, अन् पोरगी चांगली आहे. त्याचा शब्द मोडाचा नाई तिले, म्हनूनच त्याच्याकडून दुसरा शब्द मांगून राह्यली. देवाजीले त्यानं सोता निरोप धाडून एवढंच म्हनावं, राहू द्या. तो नाई म्हनाले लागला तरी फोन ठेवू नोका, थोडं थांबा. दादा पह्यले नाई म्हनते, मंग इचार करते.

सोमवारच्या आत करा. आज झालं तर आजच त्याले फोन करा.

सुकरी